उत्तरपत्रिकेचा फोटो अपलोड होत नाही: फाइल नेमकी कुठे अडते?

परीक्षेची वेळ चालू असताना हे वाचत असाल, तर एवढाच परिच्छेद वाचा, बाकीचं नंतर. फोटोची फाइल 'चालत नाही' असं पोर्टल म्हणत असेल, तर तो फोटो गॅलरीत उघडा, पूर्ण पान पडद्यावर मावेल असा ठेवा, स्क्रीनशॉट काढा, कडेच्या काळ्या पट्ट्या कापा आणि तो स्क्रीनशॉट अपलोड करा. स्क्रीनशॉट सहसा पीएनजी किंवा जेपीजी असतो आणि हे दोन्ही प्रकार बहुतेक पोर्टलांना चालतात. फक्त पीडीएफच हवी असेल, तर फोटोच्या शेअर मेनूतून 'प्रिंट' निवडा. अँड्रॉइडवर प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' घ्या. आयफोनवर प्रिंटच्या पडद्यात दिसणारं छोटं पान दोन बोटांनी ताणून मोठं केलंत की त्याची पीडीएफ होते, ती 'फाइल्स'मध्ये सेव्ह करा. फाइलचं नाव बदलत बसू नका, त्यानं काही होत नाही. आणि कॅमेऱ्यासमोर, निरीक्षणाखाली परीक्षा चालू असेल, तर दुसरं अ‍ॅप उघडण्याआधी निरीक्षकाला चॅटवर सांगा; फाइल सुटेल पण गैरप्रकाराची नोंद होईल, असं व्हायला नको.

ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांच्यासाठी आता सविस्तर.

माझ्या भाचीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच मी या भानगडीच्या मुळाशी गेलो. तिनं आदल्या आठवड्यात सराव परीक्षा दिली होती. तोच फोन, तेच पोर्टल, पाच पानांचे पाच फोटो, सगळं सुरळीत. खऱ्या परीक्षेत मात्र पहिल्याच पानाला 'अवैध फाइल प्रकार' असा लाल संदेश. तिनं नावाच्या शेवटचं एचईआयसी (आयफोनच्या फोटोंचा प्रकार) खोडून जेपीजी केलं. आता लाल संदेश गेला, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिली. मला फोन आला: "मामा, नाव तर बदललं, आता काय करू?"

सरावात चाललं ते परीक्षेत का चाललं नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले. सरावाच्या वेळी तिनं ब्राउझरमधून थेट फोटो लायब्ररी उघडून फोटो निवडले होते. त्या वाटेनं गेलात तर आयफोन बहुतेक वेळा फोटो देता देता त्याचा जेपीजी करून देतो, तुम्हाला न सांगता. परीक्षेच्या दिवशी तिनं शहाणपणानं एक पाऊल पुढे टाकलं: फोटो आधी 'फाइल्स' अ‍ॅपमध्ये सेव्ह केले, त्यांना प्रश्नांचे क्रमांक दिले आणि तिथून अपलोड केले. या वाटेवर रूपांतर होत नाही. फाइल जशी आहे तशी जाते. म्हणजे जी मुलगी जास्त नीटनेटकी वागली, तिचीच फाइल अडली. चूक तिची नव्हती, पण वेळ तिचाच गेला.

एचईआयसी म्हणजे नेमकं काय

अ‍ॅपलनं २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं तेव्हापासून आयफोन ७ आणि त्यापुढच्या फोनांवर कॅमेऱ्याचे फोटो मूळ सेटिंगनुसार एचईआयसी प्रकारात साठवले जातात. कारण सरळ आहे: तेवढ्याच दर्जाचा फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. यामागचं एचईआयएफ हे मानक एमपेग या गटानं तयार केलं. एमपीथ्री गाणी ज्यांच्यामुळे आली तोच हा गट. गंमत अशी, की एचईआयसी फोटोतलं चित्र एचईव्हीसी या व्हिडिओच्या तंत्रानं दाबलेलं असतं. एका अर्थी तो व्हिडिओची एकच चौकट आहे. या तंत्रावर बरेच पेटंट आणि परवान्यांची गुंतागुंत असल्यामुळे अनेक सॉफ्टवेअर ते उघडण्याच्या फंदातच पडत नाहीत. जेपीजीचं तसं नाही. ते मानक १९९२ चं आहे आणि चित्र उघडणारं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर ते ओळखतं.

हा घोळ फक्त आपल्या घरातला नाही. मे २०२० मध्ये अमेरिकेत कॉलेज बोर्डानं एपी परीक्षा (शाळेतल्या मुलांसाठीच्या कॉलेजच्या पातळीवरच्या परीक्षा) घरून घेतल्या. उत्तर लिहून झाल्यावर अपलोडसाठी वेगळी पाच मिनिटं होती. पोर्टल जेपीजी, जेपीईजी आणि पीएनजी स्वीकारत होतं, आणि अनेक मुलांच्या आयफोनमधून निघत होतं एचईआयसी. त्यांची उत्तरं पोचली नाहीत आणि पहिल्या आठवड्यातल्या अशा मुलांना जूनमध्ये परीक्षा पुन्हा द्यावी लागली. दुसऱ्या आठवड्यापासून ज्यांचं अपलोड अडेल त्यांना उत्तर ईमेलनं पाठवण्याची सोय केली गेली. एवढी मोठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला हे आधी सुचलं नाही, तर इतर पोर्टलांकडून फार अपेक्षा नको. तयारी आपणच केलेली बरी.

फाइल तीन दारांतून जाते

'अपलोड होत नाही' ही तक्रार डॉक्टरला 'बरं वाटत नाही' सांगण्यासारखी आहे. कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय औषध नाही. फाइल साधारण तीन तपासण्यांतून जाते आणि कोणत्या क्षणी अडली यावरून कारण बरंचसं ओळखता येतं.

पहिलं दार तुमच्याच ब्राउझरमध्ये असतं. फाइल निवडल्या निवडल्या, पट्टी हलायच्या आत संदेश आला, तर अडचण नावाच्या शेपटीत (टिंबानंतरच्या अक्षरांत) किंवा फाइलच्या आकारात आहे. इथे फाइल उघडून कोणी बघत नाही. पाकिटावरचा पत्ता वाचतात आणि वजन करतात. गॅलरीत फोटो फिके दिसत असतील आणि निवडताच येत नसतील, तर तोही याच दाराचा नकार.

दुसरं दार सर्व्हरवर. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली आणि मग नकार आला, तर समजायचं की पाकीट उघडलं गेलं. प्रत्येक फाइलच्या पहिल्या काही बाइटांत तिच्या जातीची खूण असते. जेपीजी नेहमी एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी सुरू होते. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरं असतात. पीएनजीच्या दुसऱ्या बाइटपासून पीएनजी हीच अक्षरं दिसतात. एचईआयसीमध्ये पहिले चार बाइट सोडले की एफटीवायपी आणि त्यामागे सहसा एचईआयसी. शंका असेल तर संगणकावर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघा. बाकी सगळा कचरा दिसेल, पण ही अक्षरं वाचता येतील. जेपीजीच्या पहिल्या ओळीत बहुधा जेएफआयएफ किंवा एक्झिफ असं सापडतं. (बघून झाल्यावर नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर फाइल खरंच बिघडेल.)

तिसरं दार म्हणजे चित्र प्रत्यक्ष उघडून त्याचं छोटं रूप तयार करणं, पानांची पीडीएफ जोडणं वगैरे. इथे अडलं तर बहुतेक वेळा संदेश येतच नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. भाचीची फाइल इथे अडकली होती. नाव बदलल्यामुळे पहिलं दार फसलं, त्या पोर्टलला दुसरं दार बहुधा नव्हतंच, आणि तिसऱ्या दारात जेपीजी समजून उघडायला घेतलेल्या फाइलीत भलतंच निघालं. नाव बदलणं हे डब्यावरची चिठ्ठी बदलण्यासारखं आहे. आतली हळद साखर होत नाही. उलट नुकसान असं, की स्पष्ट नकाराच्या जागी गोल चक्र मिळतं आणि आपण नेटला दोष देत बसतो.

नेट खरंच मंद आहे की फाइल अडली, हे ओळखायची सोपी युक्ती: जेपीजीच असल्याची खात्री असलेला एखादा छोटा जुना फोटो त्याच जागी निवडून बघा, सबमिट न करता. तो लगेच चढला तर दोष नेटचा नाही. मात्र फाइल निवडताच अंतिम जमा होते अशी काही पोर्टलं असतात, तिथे हा प्रयोग करू नका.

फोनचं सेटिंग एकदाच बदला

आयफोनवर सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्स. तिथे 'हाय एफिशियन्सी' वर खूण असेल, ती 'मोस्ट कम्पॅटिबल' वर न्या. झालं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे बरेच जण फसतात: हे सेटिंग फक्त यापुढच्या फोटोंना लागू होतं. परीक्षेच्या मध्येच सेटिंग बदललं तर आधी काढलेली पानं एचईआयसीच राहतात, ती पुन्हा काढावी लागतात. खरं तर वेळ कमी असताना जुने फोटो बदलत बसण्यापेक्षा सेटिंग बदलून पाच पानं पुन्हा काढणं कधीकधी जास्त वेगाचं पडतं.

अँड्रॉइडवाल्यांनी हा भाग सोडून देऊ नये. काही फोनांच्या कॅमेऱ्यातही हा प्रकार असतो; सॅमसंगच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये 'हाय एफिशियन्सी पिक्चर्स' असा खटका सापडेल. तो सहसा बंद असतो, पण जागा वाचवायला घरात कोणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेला असतो. परीक्षेसाठी दुसऱ्याचा फोन घेतला असेल तर हे आधी तपासा. कॅमेऱ्यात 'रॉ' (सेन्सरनं टिपलेला कच्चा फोटो) चालू असेल तर तेही बंद करा; त्या फाइली आणखी मोठ्या आणि पोर्टलांना आणखी अनोळखी.

सेटिंग लागलं की नाही हे तपासायला एक फोटो काढा आणि त्याची माहिती उघडा. आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये आयच्या खुणेवर टिचकी मारली की फोटोखाली जेपीईजी किंवा एचईआयएफ असं लिहिलेलं दिसतं. विश्वास सेटिंगवर ठेवू नका, या अक्षरांवर ठेवा.

आधीच काढलेले फोटो बदलायचे असतील तर

आयओएस १६ पासून 'फाइल्स' अ‍ॅपमध्येच सोय आहे: फाइलवर बोट दाबून धरा, 'क्विक अ‍ॅक्शन्स' मध्ये 'कन्व्हर्ट इमेज', मग जेपीईजी. अनेक फाइली एकदम निवडल्या तरी चालतं. मॅकवर फाइंडरमध्ये उजव्या टिचकीनं हाच पर्याय मिळतो, नाहीतर प्रीव्ह्यूमध्ये उघडून 'एक्स्पोर्ट'. विंडोजवर फोटोज किंवा पेंटमध्ये उघडून जेपीईजी म्हणून सेव्ह करता येतं, पण एचईआयसी उघडण्यासाठी आधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून जादा एक्स्टेन्शन घ्यावं लागू शकतं. ते परीक्षेच्या दिवशी शोधायचं काम नाही.

फुकट रूपांतर करून देणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. मी ती परीक्षेसाठी वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. एक तर फाइल वर चढवा, रांगेत थांबा, खाली उतरवा, पुन्हा पोर्टलवर चढवा, म्हणजे मंद नेटवर तिप्पट वेळ. दुसरं, तुमची उत्तरपत्रिका परीक्षा चालू असताना अनोळखी सर्व्हरवर जाते. हे नियमांत बसतं का, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणं अवघड आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवून परत सेव्ह करण्याची युक्तीही फिरत असते. फोटो म्हणून पाठवलात तर तो जेपीजी होतो हे खरं, पण चांगलाच लहानही होतो. मोठ्या अक्षरातला मजकूर वाचता येतो. बारीक घातांक, आकृतीतली नावं, फिकट पेन्सिल यांची वाट लागते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फाइल आहे तशीच राहते, म्हणजे दर्जाही टिकतो आणि एचईआयसीही. त्यामुळे अगदीच काही सुचत नसेल तेव्हाचा उपाय म्हणून लक्षात ठेवा, पहिला उपाय म्हणून नको.

फॉरमॅट बरोबर, पण फाइल जड

बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ४०३२ गुणिले ३०२४ ठिपके असतात आणि जेपीजी म्हणून तो काही एमबींचा होतो. आता हिशेब करा: ए४ कागद दर इंचाला २०० ठिपके या दरानं स्कॅन केला तर १६५४ गुणिले २३३९ ठिपके पुरतात. हस्ताक्षर वाचायला ते भरपूर झाले. म्हणजे फोनचा फोटो गरजेच्या तिप्पट मोठा असतो. फाइल हलकी करायची तर ठिपके कमी करा, दर्जाची पट्टी शून्याकडे ओढू नका. जेपीजी चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करून प्रत्येक चौकोन वेगळा दाबतं. दर्जा फार उतरवला की शाईच्या रेषेभोवती त्या चौकोनांचा धुरळा उठतो आणि ३ चा ८ होतो. लांब बाजू २००० ते २४०० ठिपके आणि दर्जा मध्यमाच्या वर, असं ठेवलं तर अक्षर स्वच्छ राहतं आणि फाइल बरीच हलकी होते.

त्याहून सोपी गोष्ट फोटो काढतानाच करता येते. नक्षीदार चादरीवर वही ठेवून फोटो काढला, तर फोन त्या चादरीचा प्रत्येक धागा इमानानं साठवतो आणि त्याचं वजन तुमच्या फाइलवर पडतं. पान साध्या पृष्ठभागावर ठेवा, खिडकीजवळ बसा, स्वतःची सावली पानावर पडू देऊ नका आणि कडेचा भाग कापून टाका. नुसत्या क्रॉपनं फाइल बरीच उतरते.

स्कॅनर अ‍ॅपचा काळा-पांढरा प्रकार फाइल अगदी छोटी करतो, पण तो कोणत्याही ठिपक्याला काळा किंवा पांढरा ठरवून मोकळा होतो. आलेखाच्या फिकट रेषा, पेन्सिलनं काढलेली आकृती, हलक्या हातानं दिलेला दशांश चिन्हाचा टिंब यांना तो पांढऱ्यात ढकलतो. गणित, भौतिकी, भूमिती असेल तर 'ग्रेस्केल' घ्या. फाइल थोडी मोठी होईल, होऊ द्या.

एक उलटा प्रकारही पाहिला आहे. कोणीतरी सांगितलं 'पीएनजी चालतं', म्हणून मुलानं जेपीजी फोटो पीएनजीत बदलला आणि फाइल पाचपट फुगली. पीएनजी काहीही न गमावता चित्र साठवतं. स्क्रीनशॉटसारख्या सपाट रंगांच्या चित्राला ते छान, पण कॅमेऱ्याच्या फोटोतला प्रत्येक कण जपायला गेलं की ते अवजड होतं. जेपीजी असेल आणि ते चालत असेल, तर त्याला हात लावू नका.

मर्यादेच्या अगदी काठावरच्या फाइलीही दगा देतात. मॅक एक एमबी म्हणजे १०,००,००० बाइट मोजतो, विंडोज १०,४८,५७६. त्यामुळे विंडोजवर १.९५ एमबी दिसणारी फाइल, दहा लाखानं मोजणाऱ्या पोर्टलच्या हिशेबात दोनच्या वर जाते. मर्यादेच्या नव्वद टक्क्यांत राहा. आणि ती मर्यादा एका पानाची आहे की सगळ्या पानांची मिळून, हे सूचनांमध्ये नीट वाचा. पीडीएफ जोडणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

पान आडवं किंवा उलटं दिसतं

फोन कसाही धरला तरी सेन्सर चित्र एकाच दिशेनं टिपतो आणि सोबत एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच साठवलेल्या माहितीत, चिठ्ठी लिहितो, की दाखवताना इतकं फिरवा. गॅलरी ती चिठ्ठी वाचते. काही पोर्टलं वाचत नाहीत. म्हणून तुमच्याकडे सरळ दिसणारं पान तपासणाऱ्याकडे आडवं पडतं. दुसरी गंमत म्हणजे, टेबलावरच्या पानाचा फोटो काढताना आपण फोन जमिनीला समांतर धरतो. फोनला वर-खाली कळतं ते गुरुत्वाकर्षणावरून, आणि अशा वेळी त्याची ओढ फोनच्या पाठीकडे असते, कोणत्याच कडेकडे नाही. मग फोन अंदाज बांधतो आणि तो चुकतो.

उपाय: फोन किंचित स्वतःकडे कलता धरा. आडवं आलंच, तर फोटो फिरवून सेव्ह करणं नेहमी पुरत नाही, कारण काही अ‍ॅप फक्त चिठ्ठी बदलतात. पानांची पीडीएफ केली किंवा स्क्रीनशॉट घेतला की दिशा कायमची पक्की होते.

नावाच्या बारीक कटकटी

वर नाव बदलू नका म्हटलं, त्याला दोन अपवाद आहेत. जेपीईजी आणि जेपीजी एकच. विंडोजच्या आधीच्या डॉस या जुन्या प्रणालीत शेपटीला तीनच अक्षरं चालायची म्हणून ई गळालं, एवढंच. जेएफआयएफ शेपटीची फाइलही आतून जेपीजीच असते. विंडोजवर ब्राउझरमधून सेव्ह केलेल्या चित्रांना हे शेपूट कधीकधी लागतं. या दोन्हींत नाव बदलणं पूर्ण योग्य आहे, आत तेच आहे.

विंडोज शेपटी लपवून ठेवतं, त्यामुळे 'उत्तर१' ला तुम्ही हातानं जेपीजी जोडता आणि खरं नाव होतं उत्तर१ डॉट जेपीजी डॉट एचईआयसी. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा, खरं रूप दिसेल. पिक्सेल फोनवर हलता फोटो निघाला असेल, तर नावात जेपीजीच्या आधी डॉट एमपी असा आणखी एक तुकडा येतो आणि दोन टिंबांचं नाव पाहून काही पोर्टलं बिथरतात. हलते फोटो बंदच ठेवा; आयफोनवर लाइव्ह फोटो, सॅमसंगवर मोशन फोटो. त्यांत व्हिडिओचं ओझंही असतं.

नाव देवनागरीत नको, मोकळी जागा नको, टक्का, हॅश, अँपरसँड ही चिन्हं नकोत. रोमन अक्षरं आणि आकडे, बस. मराठीच्या पेपराला मराठी नाव द्यावंसं वाटतं, पण तो हट्ट उत्तरात पुरवा.

सगळं बरोबर असूनही अडतं तेव्हा

फोनच्या गॅलरीत दिसणारा प्रत्येक फोटो फोनमध्ये असतोच असं नाही. जागा वाचवण्याचं सेटिंग चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर किंवा गुगल फोटोजवर असतो आणि फोनमध्ये फक्त त्याची छोटी प्रत. अपलोड करताना फोन आधी मूळ प्रत खाली ओढतो. आत्ताच काढलेल्या फोटोला हा प्रश्न सहसा येत नाही, पण आधी काढून ठेवलेलं ओळखपत्र किंवा सहीचा फोटो जोडताना नक्की येतो. तो एकदा उघडून, पूर्ण स्पष्ट होईपर्यंत थांबून, मग निवडा.

परीक्षेची लिंक व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल अ‍ॅपमध्येच उघडली असेल, तर तो त्या अ‍ॅपचा तोकडा ब्राउझर असू शकतो. फाइल निवडायचं बटण तिथे कधी मुकं असतं. लिंक कॉपी करून क्रोम किंवा सफारीत उघडा.

कमी मेमरीच्या फोनवर आणखी एक त्रास: पोर्टलच्या बटणातून थेट कॅमेरा उघडला की फोन मागचा ब्राउझर बंद करून टाकतो. फोटो काढून परत येता तर पान नव्यानं उघडलेलं आणि आधीची पानं गायब. अशा फोनवर आधी कॅमेऱ्यानं सगळी पानं काढा, मग ब्राउझर उघडून गॅलरीतून निवडा. पीडीएफला पासवर्ड असेल तर काढा, आणि फाइलचा आकार शून्य केबी दिसत असेल तर ती पुन्हा तयार करा. ती अर्धवट सेव्ह झालेली आहे.

आदल्या दिवशीची रंगीत तालीम

सराव परीक्षा एकदा झाली म्हणून निर्धास्त राहू नका. भाचीचं काय झालं ते वर आहेच. तालीम करायची तर तोच फोन, तोच ब्राउझर, तेवढीच पानं आणि फोटो निवडायची अगदी तीच वाट. प्रत्यक्षात फाइलींना नावं देणार असाल तर तालमीतही द्या. अपलोड झाल्यावर पोर्टलवरून ती फाइल पुन्हा उघडून बघता येत असेल तर बघा, पहिलं पान आणि शेवटचं. 'अपलोड झालं' आणि 'सबमिट झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा संदेश येईपर्यंत टॅब बंद करू नका.

इतकं करूनही वेळ संपली आणि फाइल आत राहिली, तर घड्याळासकट दिसणाऱ्या त्रुटीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या आणि सूचनांमध्ये दिलेल्या पत्त्यावर लगेच ईमेल करा. सोबत मूळ फोटो जोडा, न कापलेले, न फिरवलेले, एचईआयसी असतील तर एचईआयसीच. मूळ फोटोच्या एक्झिफमध्ये तो काढल्याची तारीख आणि वेळ असते, आणि वेळेत लिहून झालं होतं हे दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून ती माहिती गळते, स्क्रीनशॉटला नवी वेळ लागते. म्हणून निकाल लागेपर्यंत ते फोटो गॅलरीतून काढू नका, कितीही जागा कमी पडली तरी.